भिवंडीची हजेरीवही : सरमिसळ, गळती आणि उत्पादन

१९८३ ते १९८५ अशी दोन वर्षे मी भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात हजेरी लिहीत असे. चोवीस मागांचा पत्र्याचा कारखाना. एक विणकर चार माग सांभाळी, म्हणजे दिवसपाळीला सहा आणि रातपाळीला सहा विणकर. शिवाय कांड्या भरणारे दोघे, एक जॉबर आणि चहा आणणारा एक पोऱ्या. गिरणीच्या मानाने हा संसार चिमुकलाच. पण कामावरची माणसे एकसारखी असावीत की वेगवेगळी, हा जो प्रश्न आज व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘मनुष्यबळातील वैविध्य’ अशा भारदस्त नावाने भेटतो, तो मला त्या पत्र्याखाली पहिल्यांदा भेटला आणि त्याचे उत्तर मी चुकवले.

मी सेठला सुचवले होते की विणकर शक्यतो एकाच गावचे घ्यावेत. जुन्याने नव्याला आणायचे, त्यानेच शिकवायचे, आणि उचल घेऊन कोणी पळालाच तर त्याचा चुलता इथे उभा असतोच. भिवंडीत ही रीत आधीपासून होती. मी ती फक्त हिशेबात मांडून दाखवली. वर्षभरात बारापैकी नऊ विणकर आझमगड जिल्ह्यातल्या एकाच गावचे झाले. कारखाना सुरेख चालला. भांडण नाही, खाडा नाही, कापडात डाग नाही. मग त्या गावात एक मोठे लग्न निघाले आणि नऊही जण एकाच रात्रीच्या गाडीने गेले. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, आपली फक्त विणाईची मजुरी, असा भिवंडीतल्या बहुतेक कारखान्यांचा धंदा. मुदत चुकली की व्यापारी पुढचे सूत शेजारच्या कारखान्यात टाकतो. तसेच झाले. तीन आठवडे अठरा माग उभे राहिले. सेठ मला काही बोलले नाहीत. पुढच्या भरतीच्या वेळी त्यांनी मला विचारले नाही, इतकेच.

पुढे मी वाणिज्य शाखेत शिकवू लागलो आणि या विषयावरचे संशोधन हाती लागेल तसे वाचत गेलो. माणसांच्या सरमिसळीने गळती वाढते का, आणि उत्पादन घटते का, हे त्यातले दोन मुख्य प्रश्न. दोन्हींची उत्तरे मी जुन्या हजेरीवहीशी ताडून पाहत आलो आहे.

आधी भिवंडीच्या सरमिसळीविषयी थोडे. खाडीवरचे हे जुने बंदर. गावात कोकणी मुसलमानांची जुनी घराणी, भोवतालच्या खेड्यांत आगरी, कुणबी, कोळी, वारली, कातकरी. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतले मोमीन-अन्सारी विणकर बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी या बाजूला सरकले. विसाव्या शतकात हातमाग जाऊन विजेचे माग आले, आणि तेलंगणातले पद्मशाली विणकरही येत राहिले. पद्मानगरात दुकानांवर तेलुगू पाट्या आजही दिसतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्यांतले विणाईचे काम आणखी वेगाने भिवंडीकडे वळले. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांवर होती. एवढ्या लोकांत एकमेकांची मातृभाषा न कळणारे पण एकाच मागावर पाळी बदलणारे किती असतील, हे जनगणना विचारत नाही.

आता गळती. हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. गळतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण डेट्रॉइटच्या फोर्ड मोटार कारखान्याचे. १९१३ साली तिथे गळतीचे प्रमाण वर्षाला सुमारे ३७० टक्के होते, म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला तीन-चार माणसे घ्यावी लागत. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर झाली आणि गळती खाली आली, हे अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. कमी शिकवली जाणारी गोष्ट अशी की त्या कारखान्यातले बहुसंख्य कामगार परदेशात जन्मलेले, वीसेक देशांतून आलेले होते. त्याच जानेवारीत ग्रीक आणि रशियन कामगार त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळ करायला घरी राहिले, आणि कंपनीने आठ-नऊशे जणांना कामावरून काढून टाकले. अमेरिकेत राहायचे तर अमेरिकेचे सण पाळा, असा त्याचा अर्थ.

आमच्या वहीत यासाठी एक वेगळाच शेरा होता : ‘गावी’. गावी गेलेला माणूस कामावर नसे, पण तो गेला असेही कोणी म्हणत नसे. ईद, मोहरम, होळी, छठ, गव्हाची कापणी, लग्नसराई हे सगळे त्या एका शब्दात मावे. मराठी वाचकाला याचे नवल वाटायला नको. गिरणगावातला रत्नागिरीचा माणूस शिमग्याला आणि गणपतीला दुसरे काय करीत होता? त्याच्या जागी जॉबर बदली लावी आणि तो परतला की बदली पुन्हा गिरणीच्या दारात उभा राही. त्या येण्याजाण्यावर मुंबईचा कापडधंदा शंभर वर्षे चालला. तेव्हा गावी जाणे वेगळे आणि सोडून जाणे वेगळे. पहिल्याची तारीख आधी कळू शकते. माझी चूक तिथे होती : नऊ जणांचे एकच पंचांग झाले होते आणि ते पंचांग माझ्याकडे नव्हते. पाच विणकर आझमगडचे, पाच करीमनगरचे, दोन शहापूरचे असे असते, तर लग्न कुठेही निघाले तरी निम्मा कारखाना चालला असता.

अर्थात याला दुसरी बाजू आहे. मे २०२० च्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली, तेव्हा माझ्या ओळखीचे दोन कारखानदार सुन्न होऊन बसले होते. त्यातल्या ज्याची माणसे एका मुकादमाच्या शब्दातली होती त्याने पुढे एक फोन केला आणि बहुतेक सारी टोळी परत आली. ज्याच्याकडे दहा ठिकाणची दहा माणसे होती तो दहा फोन करीत बसला आणि त्यातले निम्मे लागलेच नाहीत. एका धाग्याने बांधलेली माणसे एकदम जातात आणि एकदम येतात.

कायमचे सोडून जाणारे कोण, हा खरा प्रश्न. यावरचा मला सर्वांत भरवशाचा वाटलेला अभ्यास जोनाथन लेनर्ड आणि डेव्हिड लेव्हिन या दोन अमेरिकन अभ्यासकांचा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी एकाच कंपनीच्या आठशेहून अधिक दुकानांतल्या सत्तर हजारांवर नोकरांच्या नोंदी तपासल्या. दुकानात वेगवेगळ्या वंशांची, वयांची, स्त्री-पुरुष अशी सरमिसळ असली म्हणून तेवढ्यानेच गळती वाढते, असे त्यांना सर्वत्र आढळले नाही. मात्र जो आपल्या जागी अल्पसंख्य, एकटा पडलेला असतो तो नोकरी सोडण्याची शक्यता बऱ्याचदा जास्त दिसली. याआधी, १९९२ मध्ये, अॅन त्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीडशेवर कामगारगट तपासले होते. गटात वेगळे असल्याची सल सगळ्यांना सारखी लागत नाही, असे त्यांना दिसले. गोरे आणि पुरुष, म्हणजे ज्यांना वेगळे असण्याची सवयच नव्हती, ते वेगळे पडले की संस्थेपासून जास्त तुटत.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर एक मराठी विणकर उभा राहिला. संप लांबल्यावर लालबागहून आलेला, गिरणीच्या विणाई खात्यात बारा वर्षे काढलेला माणूस. हात असा की तुटलेली तार जोडताना बोटे दिसत नसत. आमच्या कारखान्यात तो एकटाच मराठी विणकर. भिवंडीत कामगारांच्या खाणावळीला भिशी म्हणतात; महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळा जेवायचे. भिशी साधारण मुलुखावार असते. तेलुगू भिशीत भात आणि आंबट पप्पू, उत्तरेकडच्यांच्या भिशीत रोटी आणि सालन. जेवताना मजुरीचे दर कळतात, कुठे नवे माग बसताहेत ते कळते, कोणता सेठ पैसे अडकवतो तेही कळते. हा माणूस घरून डबा आणी आणि बीमवर बसून एकटा खाई. त्याला यातले काहीच कळत नसे.

त्याहून वाईट होते ते पाळी बदलताना. चार मागांवर दिवसा एक आणि रात्री एक अशी दोघांची जोडी असते. मजुरी मीटरवर. रातपाळीवाल्याने जाताना धोट्यांत भरलेल्या कांड्या ठेवल्या, तुटलेल्या तारा जोडल्या, माग पुसून ठेवला, तर दिवसपाळीवाल्याचे कापड पहिल्या मिनिटापासून पडू लागते. नाही ठेवले तर त्याचा पाऊणएक तास फुकट जातो आणि त्या पाऊण तासाचे पैसे कोणी देत नाही. या माणसाचा जोडीदार त्याचा वैरी नव्हता. दोघे बोलतही असत. पण तोच जोडीदार आठवडाभर आपल्या पुतण्याबरोबर होता तेव्हा माग पुसलेले असत, आणि याच्याबरोबर असताना नसत. ‘पोरा, माझी जोडी तेवढी बदलून दे,’ असे तो मला दोनदा म्हणाला. ‘बघतो, काका,’ असे मी दोनदा म्हणालो. त्याची जोडी बदलायची तर नातलगांच्या दोन जोड्या मोडाव्या लागल्या असत्या, आणि कारखाना तर सुरेख चालला होता. चार महिन्यांनी त्याने हिशेब मागितला. वहीत सोडण्याचे कारण लिहायचा रकाना होता. मी ‘घरगुती’ असे लिहिले.

एका माणसावरून सिद्धांत बांधू नये हे खरे. बारा तासांची पाळी, युनियन नाही, गिरणीतल्या मानाने तुटपुंजी मजुरी, ही कारणे त्याला पुरेशी होती. पण ती कारणे बाकीच्या अकरा जणांनाही होती, आणि ते टिकले.

इथून आपण उत्पादनाच्या प्रश्नावर येतो. पाळी बदलतानाचा तो पाऊण तास नेमका मोजून दाखवणारा एक अभ्यास केनियातल्या फुलांच्या कारखान्यात झाला. योनास योर्ट या अर्थतज्ज्ञाने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे एक कामगार गुलाब पुरवतो आणि दोघे जुड्या बांधतात. पुरवणारा आपल्या जमातीच्या माणसाकडे फुले जास्त सरकवतो आणि परक्याकडे कमी. त्यात त्याचे स्वतःचेही नुकसान होते, तरी सरकवतो. २००७ च्या अखेरच्या निवडणुकीनंतर देशात जमातींमध्ये रक्तपात झाला तेव्हा ही फट आणखी रुंदावली. पुढे कारखान्याने जुड्या बांधणाऱ्या दोघांना त्यांच्या एकत्र कामावर पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा एकाला झुकते माप देण्यात अर्थ उरला नाही आणि ती फट बरीच बुजली.

आपल्याकडे फरझाना आफ्रिदी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाईच्या रांगा पाहिल्या. एका जातीची माणसे जास्त असलेल्या रांगेत मागे पडणाऱ्याला सांभाळून घेतले जाते आणि रांगेचे काम सुधारते, असे त्यांना दिसले. म्हणजे माझा जुना सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. पण अर्कदेव घोष यांचा पश्चिम बंगालमधल्या अन्नप्रक्रिया कारखान्यातला प्रयोग त्यापुढे जातो. तिथे हिंदू आणि मुसलमान कामगारांचे काही गट मिसळले, काही वेगळे ठेवले. जिथे एकाचे काम दुसऱ्याच्या हातावर अवलंबून होते तिथे मिश्र गटांचे उत्पादन सुरुवातीला घटले, आणि सुमारे चार महिन्यांत ती घट नाहीशी झाली; एकमेकांविषयीचे मतही सुधारले. जिथे प्रत्येकाचे काम सुटे होते तिथे उत्पादन घटले नाही, पण मतेही फारशी हलली नाहीत. शेजारी उभे राहून काही घडत नाही, हातातून हातात काम जावे लागते. आमचा लालबागचा माणूस चार महिनेच थांबला होता, हे मला घोषांचा निबंध वाचल्यापासून सतावते.

एकत्र मजुरीचा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या हमालांची चळवळ होती. त्यातली टोळी जे ओझे उचलते त्याची मजुरी टोळीत वाटली जाते. मात्र टोळी स्वतःच एका मुलुखाची, बहुधा साताऱ्याकडची. तेव्हा परक्याशी वाटून खाण्याची परीक्षा तिथे क्वचितच झाली. मागावर मजुरी एकेकट्याची आणि माग दोघांचा, ही भिवंडीची रचना मात्र भांडणाला निमंत्रणच आहे. जोडीच्या चार मागांचे चोवीस तासांचे कापड एकत्र मोजून निम्मे-निम्मे वाटणे अशक्य नव्हते. मला ते तेव्हा सुचले नाही.

माणसे निवडून एकसारखी ठेवण्याची किंमत मुंबईच्या गिरण्यांनीही मोजली आहे. तिथे जास्त मजुरीचे विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे, आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ दिसे. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. मालकांनी हात वर केले : ही बंदी आम्ही घातलेली नाही, कामगारांनीच घातली आहे. मालकांचे हे उत्तर खोटे नव्हते आणि पुरेसेही नव्हते. भरती जॉबरवर सोपवून देणारे तेच होते. सूतकताईत राबणारा चांगला हात मागावर कधी येऊच शकला नाही, त्या कापडाचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

भिवंडीत या सगळ्यावर दंगलींची छाया आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत सुरू झालेली पहिली; तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. दुसरी मे १९८४ ची. तेव्हा वही माझ्याकडे होती आणि तिची पाने कोरी गेली. माग पुन्हा सुरू झाले तेव्हा आधी परतले ते तिघे-चौघे मिळून येणारे. जे एकेकटे होते त्यांतले बहुतेक आलेच नाहीत. त्यानंतर अनेक सेठांनी ठरवले की आता आपलीच माणसे घ्यायची. या निर्णयाला मी नावे ठेवू शकत नाही. रात्री दोन वाजता परक्या वस्तीतून घरी जाणाऱ्या माणसाला संशोधनाचे आकडे सांगता येत नाहीत. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान, दोघेही त्यांत नेमाने बसत, नळापासून भांडणापर्यंत बोलत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडीत दंगल झाली नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या २००२ च्या पुस्तकात या समित्यांची दखल घेतली आहे. त्यांनीच सुरतेविषयी नोंदवले आहे की १९९२ ची हिंसा जुन्या शहरात नव्हे, तर बाहेरच्या नव्या कारखानी वस्त्यांत पेटली. तिथे माणसे शेजारी राहत होती, पण एकत्र बसण्याची एकही जागा नव्हती.

आता भिवंडीतल्या रोजगाराचे केंद्र मागांवरून गोदामांकडे सरकले आहे. मुंबईची जकात चुकवायला म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे या गावांत गोदामे उठली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. जमीन बहुधा आगरी कुटुंबांची, माल देशभरातला, माणसे ठेकेदाराची. मागांवर जवळपास न दिसणाऱ्या बायका इथे पॅकिंगच्या टेबलांवर मोठ्या संख्येने आहेत.

माझी एक विद्यार्थिनी अशा एका गोदामात पर्यवेक्षक आहे. तिच्या संगणकात सोडून जाण्याची कारणे निवडायची यादी आहे आणि सर्वांत जास्त वेळा निवडले जाणारे कारण ‘वैयक्तिक’ हे आहे. मी तिला ‘घरगुती’ची गोष्ट सांगितली. तेव्हा तिने पडघ्याकडून येणाऱ्या चार मुलींविषयी सांगितले. चौघी वेगवेगळ्या पाळ्यांत होत्या, प्रत्येक जण आपापल्या पाळीत एकटी, आणि चौघीही सोडण्याच्या बेतात. हिने त्यांना एका पाळीत आणले, म्हणजे येण्याजाण्याचा टेम्पो एक झाला. टेबले मात्र वेगळी ठेवली, झारखंडच्या आणि उत्तर प्रदेशच्या मुलींबरोबर. कोण आजारी, कोणाची सुट्टी, याचा मेळ त्या टेबलावरच्या टेबलावर बसवू लागल्या. चौघीही टिकल्या. 

दिवाळीच्या गर्दीआधी ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराचा संगणक पाळ्या आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावतो, आणि चौघींची अक्षरे लांबलांबची आहेत. ती वरच्यांना दोनदा बोलली आहे. ‘बघतो’ म्हणाले. गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा चौघींतल्या दोघी येईनाशा झाल्या होत्या.